सव्वाशे नारळांचा नवस

पूनमच्या खानावळीतून कुणी अर्धपोटी उठलं, असं वेळवटी गावात कधी झालं नव्हतं. हरिहरेश्वरला दर्शनाला निघालेल्या गाड्या वाकडी वाट करून तिच्या दारात थांबायच्या. मागच्या दोन खोल्यांत उतरणारी पुण्यामुंबईची मंडळी निघताना पोटावरून हात फिरवत म्हणायची, "वहिनी, दोन दिवसांत दोन किलो वाढलो बघा!" पूनमला ती पदवीच वाटायची. जी बाई परक्यांना इतकं जेवू घालते, तिने पोटच्या पोरीला कसं जेवू घातलं असेल, ते वेगळं सांगायला नको.

पोर म्हणजे राही. एकुलती एक. सातव्या महिन्यात जन्मली तेव्हा अवघी बाराशे ग्रॅमची होती. सदतीस दिवस ती काचेच्या पेटीत होती आणि सदतीस दिवस पूनम त्या काचेला नाक लावून उभी होती. तिथेच ती गावदेवीला नवस बोलली. पोर जगू दे, बारा वर्षांची झाली की तुझ्या जत्रेत तिला तराजूत बसवीन आणि तिच्या भारंभार नारळ गावाला वाटीन. पोर जगली. डॉक्टरांनी औषध दिलं होतं, नर्सबाईंनी रात्री जागवल्या होत्या, पण पूनमच्या मते सही देवीची होती.

घरी आल्यापासून मग एक कायदाच झाला. राहीच्या ताटाला नाही म्हणायचं नाही. देवीने पदरात टाकलेली पोर उपाशी राहिली, तर देवीला वाटायचं, हिला नकोच होती की काय! तेव्हा दर दोन तासांनी काहीतरी. दुधात साखर, साखरेवर तूप, भातावर आणखी भात. पुढे पाहुण्यांचा राबता वाढला तसं त्यांचंही तिच्याच वाट्याला येऊ लागलं. गाडीत उरलेली वेफर्सची पाकिटं, न उघडलेल्या कोल्ड्रिंकच्या बाटल्या, बेकरीच्या बिस्किटांचे डबे. "घे गं बाळ," म्हणून माणसं कौतुकाने द्यायची आणि पूनम कौतुकाने बघत राहायची. नवरा सुजित सुपारीच्या वाडीतून घामाघूम होऊन आला की पहिलं विचारायचा, "राही जेवली?" ती चार वेळा जेवलेली असायची.

असं हे लाडाचं घर. वाईट कुणाच्याच मनात नव्हतं, आणि म्हणूनच कुणाला काही दिसलं नाही.

दिसलं ते शाळेत. तपासणीला आलेल्या डॉक्टर क्रांती यांनी सातवीच्या पोरींची उंची मोजली, वजन केलं, दंडाला पट्टा बांधून रक्तदाब पाहिला आणि राहीच्या हातात चिठ्ठी दिली. वजन चौसष्ट किलो, रक्तदाब वयाच्या मानाने जास्त, पालकांनी मुलीला घेऊन तालुक्याच्या दवाखान्यात भेटावं. पूनमने चिठ्ठी दोनदा वाचली आणि तिचं डोकं फिरलं.

"बाराशे ग्रामाची व्हती तवा कुनी इचारला न्हाय," ती सुजितला म्हणाली. "आता जरा अंगानं भरली तर यांच्या डोळ्यांत आली!" तिने मीठमोहऱ्या घेऊन पोरीची दृष्ट काढली आणि चिठ्ठी मसाल्याच्या बरणीखाली सारली. सुजितने विचारलंही नाही. स्वयंपाकघरातले निकाल पूनमचे, हे त्याने लग्नानंतर पहिल्याच वर्षी मान्य करून टाकलं होतं.

शिवाय जत्रा जवळ आली होती. चैत्रातल्या पालखीला राहीला बारा पुरी होणार होती. सुजितने सुपारीवाल्यांचा मोठा तराजू सांगून ठेवला. पोत्याने सुपारी तोलायची ती लाकडी दांडी, दोन माणसांनी उचलावी लागणारी, आणि साखळ्यांना टांगलेल्या फळ्या. मग ओट्यावर बसून त्याने वाडीवाल्या भावाला फोन लावला आणि नेहमीच्या आवाजात, म्हणजे तीन घरांना ऐकू जाईल अशा, सांगितलं, "सोललेले नारळ सव्वाशे तरी काढून ठेव. कमी पडाया नको. भरलेली हाय आमची पोर!"

अभिमानाने बोलला बिचारा. पण शेजारच्या कोकिळाकाकी कुंपणापाशी कपडे वाळत घालत होत्या, आणि कोकिळाकाकींच्या कानावर पडलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत गावभर होई. दुसऱ्या दिवशी शाळेत राहीचं नाव बदललं होतं. "ए सव्वाशे! सव्वाशे, जरा सरक!" पोरांना कुणी शिकवावं लागत नाही. राही घरी आली, दप्तर ठेवलं आणि कुणाला काही बोलली नाही.

त्या दिवशी तिने पहिल्यांदा ताट परत केलं.

"पोट भरलाय," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी, "शाळेत खाईन." संध्याकाळी, "शाळेत खाल्ला." पूनमचा विश्वास बसला, कारण डबा रिकामा यायचा. चौथ्या दिवशी सकाळी ती परसात केळीला पाणी घालायला गेली, तेव्हा बुंध्याशी मुंग्यांची रांग दिसली. मुंग्यांच्या मागे गेली तर सुकट लावलेली भाकरी, पोळी, भाताचा गोळा, सगळं पालापाचोळ्याखाली पुरलेलं. तीन दिवसांचं जेवण तिथे होतं.

 पूनमच्या सगळ्या आयुष्याची भीती एकच होती, आणि ती केळीच्या बुंध्याशी उघडी पडली होती. पोर जेवत नाही. ती हात तसेच मातीचे ठेवून घरात धावली, पण राही शाळेत गेली होती. तेवढ्यात फोन वाजला. शाळेतून केतन सर बोलत होते. राही प्रार्थनेच्या वेळी चक्कर येऊन पडली होती, शुद्धीवर आहे, रिक्षाने तालुक्याच्या दवाखान्यात नेत आहोत, तुम्ही तिथेच या.

सुजितच्या मोटारसायकलवर मागे बसून पूनमने अख्ख्या रस्त्यात देवीला काय काय सांगितलं, ते देवीलाच माहीत.

दवाखान्यात राही खाटेवर पडून सलाइनच्या थेंबांकडे बघत होती. चेहरा उतरला होता, पण डोळे उघडे होते. ते बघून पूनमला पहिल्यांदा नीट श्वास घेता आला. आणि श्वास आला तसा रागही आला, कारण समोर त्याच चिठ्ठीवाल्या डॉक्टर उभ्या होत्या.

"तुमच्यामुळं झाला हे!" पूनम म्हणाली. "तुमी लिवलात, पोरीनं वाचला, आन् जेवान सोडला!"

डॉक्टर क्रांती तिशीच्या आतबाहेरच्या, बारीक आवाजाच्या. चिडल्या नाहीत. "असू शकतं," त्या म्हणाल्या. "चिठ्ठी पोरीच्या हातात द्यायला नको होती, ते माझं चुकलं. तुम्ही दोघं जरा पडद्याबाहेर बसा. मी तिच्याशी बोलते."

डॉक्टरने आपली चूक कबूल केली, हे पूनमला इतकं नवीन होतं की भांडणाची पुढची वाक्यं तोंडातच राहिली. ती बाहेरच्या बाकावर बसली. पडदा कापडाचाच होता. आतलं सगळं ऐकू येत होतं.

"जेवण का सोडलंस गं?"

 राहीचा आवाज आला. "मला जत्रेपर्यंत बारीक व्हायचा होता."

"जत्रेत काय आहे?"

"मला सगळ्या गावासमोर तराजूत बसवनार. सव्वाशे नारळ ठेवनार. पोरं आताच सव्वाशे म्हनतात. मंग नारळ मोजतील, आन् सगळी हसतील." तिचा आवाज खाली आला. "आईला सांगू नका. आई देवीला बोललीय. न्हाय केला तर देवी मला घेऊन जाईल असा आईला वाटता. ती रडंल."

सुजितने मान खाली घातली. पूनम रडली नाही. रडायला निदान आपलं काही चुकलेलं नाही अशी खात्री लागते, आणि ती तिच्याकडे आता उरली नव्हती. अकरा वर्षांच्या पोरीने आईला वाचवायला तीन दिवस उपास काढला होता आणि आईला मुंग्यांनी सांगितलं होतं.

दुपारपर्यंत रक्ताचे रिपोर्ट आले, सोनोग्राफी झाली. डॉक्टरांनी दोघांना आत बोलावलं. पूनमने पदर घट्ट धरून ठेवला होता.

"आधी चांगलं सांगते," डॉक्टर म्हणाल्या. "चक्कर उपाशी राहिल्यामुळे आली. संध्याकाळी घरी न्या. आता दुसरं. यकृतावर चरबी साठायला लागलीय. रक्तातली साखर काठावर आहे. रक्तदाब जास्त आहे. असंच चाललं, तर वीस-बाविसाव्या वर्षी ती मधुमेहाच्या गोळ्या घेत असेल."

"आन् आता?" सुजितने विचारलं.

"आता सगळं मागे फिरण्यासारखं आहे. अगदी सगळं."

पूनमला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "म्हंजे बरी व्हनार?"

"होणार. आणि उपाशी न राहता. ऐका नीट. तिची उंची अजून वाढायची आहे. आपल्याला तिचं वजन घाईने उतरवायचं नाही, नुसतं वाढू द्यायचं नाही. अंग उंचीने आपोआप ताणलं जाईल. तीन वेळा घरचं पोटभर जेवण. भात, भाकरी, मासळी, भाजी, डाळ, सगळं. बाटलीतलं गोड पाणी बंद, पाकिटातलं बंद, दर दोन तासांचं बंद. रोज तासभर पळणं, पोहणं, तिला आवडेल ते. आणि हे नियम तिच्या एकटीला नाहीत. घरात वेफर्स आली आणि तिला सोडून सगळ्यांनी खाल्ली, तर ती तुरुंगात आहे असं वाटेल तिला."

सुजितने आपल्या पोटाकडे बघितलं आणि शर्ट खाली ओढला.

पूनमला एक प्रश्न विचारायचा होता. तो विचारल्याशिवाय तिला तिथून उठता येणार नव्हतं. "बाई, खरा सांगा. हे माज्या हातानं झाला का?"

दुसरी कुणी असती तर "छे, छे" म्हणाली असती. डॉक्टर क्रांतींनी खुर्ची पुढे ओढली. "तुमच्याही हाताने झालं," त्या म्हणाल्या. "पण तुमच्या एकटीच्या नाही. जी बाळं फार लहान जन्मतात आणि मग घाईघाईने भरवली जातात, त्यांचं शरीर चरबी जास्त साठवतं. हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं का तेव्हा?"

"न्हाय. वजन वाढवा, वजन वाढवा, इतकाच सांगत व्हते."

"मग तुम्ही सांगितलेलं केलंत. कुठे थांबायचं, ते सांगायला कुणी आलं नाही. आणि एक पाकीट दुकानात केळ्यापेक्षा आधी हाताला लागतं, शाळेचं मैदान बांधकामात गेलं, पोरींना सातवीनंतर कुणी पळू देत नाही, हे काय तुम्ही केलंत? ताई, जगभर हेच चाललंय. मोठमोठे देश हात टेकून बसलेत. वेळवटीच्या एका आईने सगळं आपल्या डोक्यावर घ्यायचं कारण नाही. तुमच्या वाट्याचं तेवढं घ्या."

आपल्या वाट्याचं तेवढं. पूनमला ते बोलणं फार बरं वाटलं. सगळा दोष असता तर ती खचली असती, आणि काहीच दोष नाही म्हटलं असतं तर तिचा विश्वास बसला नसता.

"आन् नवस?" ती म्हणाली. "तराजूत न्हाय बसवली तर—"

डॉक्टर हसल्या नाहीत. "माझी आई दिवेआगरची आहे," त्या म्हणाल्या. "माझं मेडिकलचं कॉलेजसुद्धा तिने कौल लावून ठरवलं. नवसाचं औषध माझ्याकडे नाही. ज्यांच्याशी बोलला होतात, त्यांनाच विचारा. पण पोरीला त्या फळीवर बसवू नका, एवढं डॉक्टर म्हणून सांगते."

मंगळवारी सकाळी तिघं गावदेवीच्या देवळात गेली. कौल मंगळवारी लागतो. विठोबा गुरव गाभाऱ्यात बसलेले, सत्तरी ओलांडलेले, कानाने जरा अधू. देवीच्या काळ्या पाषाणाच्या दोन्ही खांद्यांवर ते जास्वंदीच्या ओल्या पाकळ्या चिकटवायचे आणि मागणाऱ्याचं गाऱ्हाणं घालायचे. उजवी पाकळी आधी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. त्या दिवशी पूनमच्या आधी पाच जण होते. कुणाला होडीचं इंजिन बदलायचं होतं, कुणाच्या मुलीला बघायला माणसं येणार होती. कोकिळाकाकीही होत्या. त्यांना काही विचारायचं नव्हतं, दुसऱ्यांचं ऐकायचं होतं.

इथे एक अडचण होती. कौलाचा सवाल मनातल्या मनात चालत नाही. तो मोठ्याने, स्पष्ट, चार माणसांसमोर बोलावा लागतो. देवीला मनातलं कळतं, पण गावाला कळत नाही, आणि गाव साक्षीला नसेल तर उद्या कुणीही काहीही कौल मिळाला म्हणून सांगेल. त्यातून विठोबा गुरवांचे कान असे.

पूनम हात जोडून उभी राहिली. राही तिच्या मागे, बापाचा हात धरून. पूनमने आवाज होईल तेवढा लहान केला. "गुरवबाबा, राहीचा नवस हाय तराजूचा. तो देवीनं सोडून द्यावा, येवढा मागना."

"काय?"

"नवस सोडून द्यावा!"

विठोबांनी गाऱ्हाणं घातलं. "गे आई गावदेवी..." पाकळ्या तशाच राहिल्या.  मग डावी पाकळी हळूच सुटली आणि देवीच्या पायाशी पडली.

 मागे राहीने बापाचा हात इतका घट्ट दाबला की त्याची बोटं पांढरी झाली. कोकिळाकाकींनी "अगो बाई" म्हटलं. विठोबांनी डोळे बारीक करून पूनमकडे बघितलं.

"पोरी, दिलेला सबूद देवी अशी कशी सोडंल? फुकट मागतीस तू. कारन बोल. आन् बदल्यात काय देतीस ते बोल. मोठ्यानं बोल, मला ऐकाया येत न्हाय."

पूनमने एकदा मागे बघितलं. राहीची मान खाली होती, सगळ्या गावाचे डोळे तिच्या अंगावर होते. पोरगी आत्ताच तराजूत बसल्यासारखी दिसत होती. त्या क्षणी पूनमची लाज, भीती, सगळी संपली. उरला फक्त आवाज, आणि तो बाहेर रस्त्यापर्यंत गेला.

"आई, माजी पोर आजारी हाय! तिचा वजन वाढला तो तिच्या दोसानं न्हाय. मी भरवला तिला. ती मरंल म्हनून भरवला, तू रागावशील म्हनून भरवला, तिचा पोट भरला तरी भरवला! आता गाव तिला हसता. तीन दिस माजी पोर उपाशी व्हती, आन् मला ठाऊक न्हवता! वजन माज्या हाताचा हाय, तर तराजूत मी बसतें. पोरीच्या जागी मला तोल. नारळ माज्या भारंभार घे, जास्तीच व्हतील तुला. पन तिला त्या फळीवर बसवू नको!"

विठोबांना हे सगळं नीट ऐकू गेलं. त्यांनी उपरण्याने डोळे पुसले, नव्या पाकळ्या घेतल्या, ओल्या केल्या, लावल्या. गाऱ्हाणं घालायला तोंड उघडलं आणि "गे आई गाव—" एवढंच झालं होतं, तोच उजवी पाकळी पडली.

"घेतला!" विठोबा ओरडले. "गाऱ्हान्याच्या आधी घेतला!"

आता कुणी म्हणेल, म्हाताऱ्याने उजवीला पाणी कमी लावलं असेल. कोकिळाकाकी नंतर तसं म्हणाल्याही. पण म्हणताना त्यांच्याही डोळ्यांत पाणी होतं, आणि बातमी गावभर करताना त्यांनी तेवढा भाग गाळला. पूनमला काही ऐकू येत नव्हतं. तिला फक्त मागून कमरेला पडलेली मिठी कळत होती. राहीने तिच्या पाठीत तोंड खुपसलं होतं आणि पोलक्याचा तो भाग ओला होत होता.

चैत्रातल्या पालखीला पूनम तराजूत बसली. हिरवी नऊवारी, नथ, केसांत अबोली. ती बसली तशी फळी दण्णकन जमिनीला टेकली आणि पोरं हसली. समोरच्या फळीवर नारळ चढू लागले. पन्नास झाले, फळी हलली नाही. शंभर झाले, दांडी नुसती करकरली. सव्वाशे झाले तेव्हा कुणीतरी मागून ओरडलं, "वहिनी, वाडी रिकामी व्हईल!" आणि अख्खी जत्रा खोखो हसली.

पूनमचे कान तापले. घाम मानेवरून पाठीत उतरला. फळीवर बसलं की पाय कुठे ठेवावेत ते कळत नाही, हात कुठे ठेवावेत ते कळत नाही, माणसं कुठे बघताहेत ते मात्र नीट कळतं. चाळीस वर्षांच्या, तोंडाने फटकळ, चार गावांना जेवू घालणाऱ्या बाईला हे जड गेलं. इथे बारा वर्षांची पोर बसली असती. पूनमने देवीकडे बघून मनातल्या मनात हात जोडले आणि तिचा जीव इतका हलका झाला की तीही हसायला लागली.

एकशे बासष्टाव्या नारळाला पूनमची फळी उचलली गेली. तो नारळ राहीने ठेवला होता. आईचे पाय अधांतरी लोंबताना बघून ती हसत होती, तोंडावर हात न घेता, सगळ्यांच्या देखत. शाळेतली पोरं तिथेच होती, पण त्या दिवशी सगळ्यांच्या तोंडी एकशे बासष्ट होतं. सव्वाशेची कुणाला आठवणही राहिली नाही. नारळ घराघरांत वाटून झाले, तेव्हा एक डॉक्टर क्रांतींच्या नावाने बाजूला ठेवला गेला.

पुढे सहा महिन्यांनी राहीची उंची साडेतीन सेंटिमीटरने वाढली आणि वजन होतं तिथेच थांबलं. रक्तदाब खाली आला. सुजितचा पट्टा दोन भोकं आत गेला. खानावळीत बाटल्यांच्या जागी कोकम सरबत आणि ताक आलं, तेव्हा पाहुणे दोन दिवस कुरकुरले आणि मग तेच मागू लागले. सगळंच काही सुरळीत झालं नाही. कधी राही वेफर्ससाठी रडली, कधी पूनमनेच गुपचूप शिरा केला. पण हे सगळं पुढचं झालं.

जत्रेच्या दिवशी दुपारी तीनला तिघं घरी आली. पायांत गोळे आले होते, अंगाला गुलाल होता. गेले आठ दिवस राही सांगितलेलं जेवायची, पण प्रत्येक घासाला आईच्या तोंडाकडे बघायची. बरोबर खातेय ना, जास्त नाही ना, कमी नाही ना. पूनमला ते बघवत नसे, आणि काय करावं ते सुचतही नसे.

आज राही पाट ओढून धपकन बसली. "आई, लय भूक लागलीय गो!"

भूक. पोरीने स्वतःच्या तोंडाने हा शब्द काढला होता. पूनम चुलीकडे वळली, कारण डोळे भरले होते आणि ते तिला दाखवायचे नव्हते. तव्यावर तांदळाची भाकरी फुगली होती. बाजूला बांगड्याचं कालवण रटरटत होतं. तिने ताट घेतलं. हात सवयीने तीन भाकऱ्यांकडे गेला आणि हवेतच थांबला.

ज्या पोरीला तिने बारा वर्षं दर दोन तासांनी, घाबरून, देवाला भिऊन भरवलं, तिच्या पोटात काय आहे ते तिने त्या पोरीला कधीच विचारलं नव्हतं.

"राही," ती म्हणाली. "किती वाढू?"

राहीने वर बघितलं. प्रश्न नवा होता. तिने पोटावर हात ठेवला, खरंच विचार केला.

"दीड," ती म्हणाली.

पूनमने एक भाकरी ताटात ठेवली, दुसरी मधोमध मोडली आणि अर्धी लेकीला देऊन उरलेली अर्धी घेऊन तिच्यासमोर जेवायला बसली.